दमास्कस नळीची दुरुस्ती, आणि एक बिघाड

दुकानात बंदूक घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालं आहे. "मिस्त्री, पणजोबांची आहे. एकदम नव्यासारखी करून द्या." नव्यासारखी हवी होती तर पणजोबांची कशाला आणली, हे मी विचारत नाही. पहिली काही वर्षं विचारायचो. मग लक्षात आलं की बंदूकवालं गिऱ्हाईक दुकानात येतं ते बोलायला, ऐकायला नव्हे. तेव्हापासून मी मान हलवतो, बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते बघतो आणि चहा मागवतो. पुढचा अर्धा तास पणजोबांनी मारलेल्या वाघांचा असतो. आमच्या भागात पणजोबांनी जेवढे वाघ मारले तेवढे इथे कधी राहत तरी होते का, हा प्रश्नही मी गिळतो.

दुकान घोडनदीत, म्हणजे कागदोपत्री शिरूरला, एसटी स्टँडवरून पेठेकडे जाताना. वडिलांनी सुरू केलं, माझ्यानंतर बंद होईल. मुलगा रांजणगावला कंपनीत आहे. त्याच्या मशिनवर केसाहून बारीक मापं मोजतात. "तुम्ही अजून नखानं मोजता," असं तो म्हणतो, आणि खरं तेच म्हणतो. लोकांना वाटतं बंदुकीचं दुकान म्हणजे सिनेमातला अड्डा. प्रत्यक्षात तिथे ब्रश, चिंध्या, तेलाच्या बाटल्या आणि जाडजूड नोंदवही असते. कुणाची बंदूक, परवाना कुणाचा, कधी आली, कधी गेली, हे सगळं त्या वहीत. एक ओळ चुकली तर जो साहेब तपासायला येतो त्याला बंदुकीतलं काही कळत नसलं तरी ओळीतलं सगळं कळतं.

आता ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी थोडं धंद्याचं. जुन्या दुनळी बंदुकांत एक जात असते, दमास्कस नळीची. हे एका दूरच्या शहराचं नाव. घोडनदीत मिळणाऱ्या म्हैसूरपाकाचा म्हैसूरशी जेवढा संबंध, तेवढाच या नळ्यांचा त्या शहराशी. बहुतेक नळ्या विलायतेत नाही तर बेल्जियममध्ये झालेल्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, त्यांना दोरीसारखा पीळ द्यायचा, आणि ती पिळाची पट्टी एका गजाभोवती गुंडाळत, तापवत, ठोकत नळी करायची. म्हणजे ही नळी कोरून काढलेली नसते, वळून जोडलेली असते. म्हणून तिच्या अंगावर बारीक नक्षी दिसते. कुणाला ती सापाची कात वाटते, कुणाला गुलाब. आमचे वडील तिला वेल म्हणायचे. "वेल जिवंत आहे का बघ," हा त्यांचा नळी हातात घेतल्यावरचा पहिला शब्द.

गंमत अशी, की ही वेल गंजानंच दिसते. नळी घासून स्वच्छ केली की ती पांढरी, मुकी होते. मग तिला औषध लावून मुद्दाम गंजवायची, उकळत्या पाण्यात बुडवायची, मऊ तारेच्या ब्रशनं घासायची, पुन्हा गंजवायची. असं आठ-दहा दिवस. लोखंड एक रंग धरतं, पोलाद दुसरा, आणि वेल हळूहळू वर येते. गिऱ्हाईक गंज काढायला बंदूक आणतं आणि मी तिला गंज लावून परत देतो. वर मजुरीही घेतो. एवढा प्रामाणिक धंदा दुसरा नसेल.

पण मी चांगला गंज लावतो. वाईट गंज लावायचं काम आमच्या लोकांनी दसऱ्याकडे सोपवलं आहे. खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवायची, तिला हळद-कुंकू वाहायचं, झेंडू चढवायचा, समोर नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी भक्तिभावानं तिच्यावर शिंपडायचं. मग ती तशीच, ओली आणि सजवलेली, कापडात गुंडाळून माळ्यावर. पुढच्या वर्षीपर्यंत देव तिच्याकडे बघेल अशी व्यवस्था. देव बघतो की नाही माहीत नाही, गंज मात्र न चुकता बघतो. एका बंदुकीच्या घोड्याखालून मी खोबऱ्याचा तुकडा काढला आहे. आणखी एकीच्या नळीत अक्षता चिकटून बसल्या होत्या. मी गिऱ्हाइकांना सांगतो, पूजा करा, पण तिच्या शेजारी करा. यावर ते माझ्याकडे धर्मबुडव्याकडे बघावं तसे बघतात आणि दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला हजर होतात. तक्रार करायचं मला कारण नाही, माझी दिवाळी त्यावर झाली.

तेवढ्यानं भागत नाही म्हणून पुढारी आहेत. एका पुढाऱ्यांनी बंदूक पाठवली. स्वतः आले नाहीत, गाडी आणि तीन माणसं आली. नळी अशी सुरेख, की वडील असते तर त्यांनी ती हातातून खाली ठेवली नसती. हुकूम असा, की दोन्ही नळ्यांना क्रोम चढवायचं, मोटरसायकलच्या सायलेन्सरसारखं, आणि वर साहेबांचं नाव कोरायचं, पदासकट. मी म्हटलं, पद बदललं तर? तिघांपैकी एकानं हे गंभीरपणे घेतलं आणि बाहेर जाऊन फोन केला. परत येऊन म्हणाला, "साहेब म्हनतेत पदाची जागा कोरी ठेवा." मी काम घेतलं नाही. त्यांनी ते पुण्यात कुठे तरी करून घेतलं. पुढे एका लग्नात ती बंदूक मी सोफ्यावर ठेवलेली पाहिली. शेजारी केकची सुरी होती, तीही तेवढीच चमकत होती.

मी नाही म्हणालो ते शहाणपणामुळे असं कुणी समजू नये. ते शहाणपण एका अपघातातून आलं आहे. तरुणपणी मलाही नव्यासारखं करून द्यायची हौस होती. वडील गावाला गेलेले असताना मी एक वेलीची दुनळी काळी करायच्या कॉस्टिकच्या टाकीत उकळली. आताच्या एकसंध नळ्या त्या टाकीत छान काळ्या होतात. पण जुन्या दुनळीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी मऊ डाखानं चिकटवलेल्या असतात, आणि टाकी तो डाख खाऊन टाकते. मी चिमट्यानं एक नळी उचलली, दुसरी टाकीतच राहिली. वडील आले, दोन्ही नळ्या हातात घेतल्या, आणि म्हणाले, "चला, एका गिऱ्हाइकाच्या दोन बंदुका झाल्या." त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ती जोडून द्यायला त्यांना सगळा पावसाळा लागला.

त्यांनी शिकवलेली तपासणी साधी आहे. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, आकड्याला टांगायच्या आणि बोटाच्या पेरानं हळू टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा आवाज आला तर डाख घट्ट आहे. मडकं वाजावं तसं वाजलं तर कुठेतरी जोड सुटला आहे. मग उजेडाकडे धरून आतून बघायचं. पण वेलीच्या नळीचा दोष असा, की सगळं बघूनही सगळं दिसत नाही. दोन वळशांच्या मधे, धातूच्या पोटात, गंज शिरलेला असू शकतो. वरून वेल टवटवीत, आतून पोकळ. शिवाय या नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी केलेल्या. ती दारू सावकाश ढकलते. आताच्या काडतुसातली बिनधुराची दारू एकदम लाथ घालते.

ही लाथ काय करते ते दाखवायला माझ्या दुकानात एक फुटलेली नळी टांगलेली आहे. सोललेल्या केळ्यासारखी. कुठल्याशा हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या मेहुण्यानं हवेत बार काढला, त्याची दोन बोटं गेली आणि नळी माझ्याकडे आली. हवेत बार काढणं गुन्हा आहे, हे मी सांगायचं आणि त्यांनी हसायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. म्हणून मी सांगणं सोडून नळी दाखवायला लागलो. लोक गप्प होतात. मला त्या शांततेची चटक लागली होती, हे कबूल करतो. गिऱ्हाईक फारच बोलायला लागलं की मी त्या नळीकडे नुसतं बोट करायचो.

म्हाळूआबांना मी तेच बोट केलं. (नावं बदलली आहेत, बंदूक खरी आहे.)

आबा दौंड तालुक्यातल्या राहू गावाकडचे. त्यांचं घराणं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारं. आजोबांना कुणा साहेबानं ही बंदूक दिली, लांडग्यांपासून कळप राखायला. पुढे पाणी आलं, मेंढरं गेली, जमिनीत ऊस आला. लांडगेही गेले. राहिली ती बंदूक, परवान्यासकट, तीन पिढ्यांची, आणि चार शेळ्या. आणि उसात राहायला बिबटे आले. म्हणजे मेंढरं होती तेव्हा लांडगे होते, आता ऊस आहे तर बिबटे आहेत. सरकारनं पीक बदलायला सांगितलं की जनावरंसुद्धा बदलतात, एवढं नियोजन आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कामात दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर आबा आले. पांढरं धोतर, लाल मुंडासं, खांद्याला बंदूक आणि मागे हौसाबाई, त्यांच्या मालकीणबाई. बंदुकीला नेहमीचा प्रसाद झाला होता. कुंकू घोड्यांच्या फटीत, नळ्यांवर तांबूस डाग. या बंदुकीला बाहेरून दोन घोडे आहेत. ते अंगठ्यानं मागे ओढून चढवायचे, मग चाप ओढला की घोडा पुढच्या पिनेवर आपटतो आणि पिन काडतुसाच्या बुडाला बसवलेल्या टोपीवर. जुना, सोपा हिशेब.

"वेल पुसट झालीया," आबा म्हणाले. "तेवढी वर आना. आन् पिना-बिना बघा. औंदा वापरावी लागंल. बिबट्या दिवसा हिंडतोय."

बिबट्या मारायचा नसतो हे त्यांना माहीत होतं. "मारतोय कोन? हवेत दोन बार काढले की ते आपलं जातंय."

मी नळ्या टांगल्या, टिचकी मारली. उजवी छान वाजली. डावी जरा लवकर थांबली. उजेडाकडे धरल्यावर डाव्या नळीत, काडतूस बसतं तिथून वीतभर पुढे, एक खड्डा दिसला. खोल असेल, नसेलही. मी म्हटलं, "आबा, ही आता भिंतीला लावा. वाजवू नका."

"माझ्या आज्यानं वाजवली, बापानं वाजवली, मी मिसरूड फुटल्यापासनं वाजवतोय. आन् आत्ता फुटायची व्हय?"

मी मनाशी म्हटलं, फुटते तेव्हा नेहमी आत्ताच फुटते. फुटलेल्या नळीकडे बोट केलं आणि मेहुण्याच्या दोन बोटांची गोष्ट सांगितली, जरा मीठमसाला लावून. आबा हसले. "त्या पोरानं दारू पिऊन वाजवली असंल." हौसाबाई हसल्या नाहीत. त्या उठून त्या नळीपाशी गेल्या आणि फाटलेल्या धातूच्या कडेवरून त्यांनी एक बोट फिरवलं.

बंदूक रंगासाठी माझ्याकडेच होती. आठवड्यानं त्या एकट्याच आल्या. डोळे तपासायला घोडनदीला जाते म्हणून घरी सांगून, दोन एसट्या बदलून. दुकानाच्या पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ती बंद करून टाका."

"म्हणजे?"

"वाजली न्हाई पायजे. पर त्यांला कळाय नको."

मी म्हटलं, मावशी, मी लिहून देतो की बंदूक निकामी आहे, मग ती सरकारजमा होईल, प्रश्न मिटला.

"काढून घिऊ नका," त्या म्हणाल्या. "मेंढरं इकली तवा ते चार दिस जेवलं न्हाईत. ही गेली तर मग काय ऱ्हातंय त्यांचं? ऱ्हाऊ द्या घरात. निस्ती बंद करा. त्यांचा हात फुटला तर मी काय करू, सांगा."

आता इथे शहाण्या कारागिरानं काय करायला हवं होतं? एक तर आबांना बोलावून पुन्हा समजावायचं. नाही तर नळी लाकडी चौकटीत आवळून, लांबून दोरीनं चाप ओढून ती खरोखर टिकते का ते बघायचं. दोन्हीला वेळ लागतो. चौकट मागच्या खोलीत सामानाखाली होती, आणि माझं काय, मी नळी बघितल्याबरोबर तिचं भविष्य सांगणारा माणूस. मी दोन्ही पिना काढल्या आणि टोकाला कानस मारली. तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढी. घोडा पडेल, आवाज येईल, पिन टोपीला जेमतेम शिवेल, बार उडणार नाही. वहीत लिहिलं, "साफसफाई व रंग."

वेल मात्र मी जीव ओतून वर आणली. अपराधी माणूस काम फार चांगलं करतो. मार्गशीर्षात आबा बंदूक न्यायला आले तेव्हा नळ्यांवरची नक्षी अशी उमलली होती, की ते बराच वेळ तिच्यावर नुसता हात फिरवत राहिले. "आज्याच्या वक्ताला अशी असंल," म्हणाले. पिनांचं विचारलं. मी म्हटलं, बघितल्या. खोटं बोललो नाही, बघितल्याच होत्या.

ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्याला घर सोडावं लागलं. एका दुपारी, पलीकडच्या फडात तोड चालू असताना, तो आबांच्या वस्तीवर आला. हौसाबाई शेळी बांधत होत्या. शेळी गाभण होती, आणि दावं त्यांनी मनगटाला गुंडाळलेलं. बिबट्यानं शेळीवर झेप घेतली, शेळी ओढली, शेळीबरोबर हौसाबाई ओढल्या गेल्या आणि त्याचा पंजा त्यांच्या खांद्यात शिरला. आबा बंदूक घेऊन बाहेर आले, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. काही नाही. दुसरा ओढला. काही नाही.

मग आबांनी बंदूक उलटी धरली, धावत गेले आणि दस्त्यानं बिबट्याला हाणलं. दस्ता मोडला. बिबट्या शेळी सोडून उसात गेला. हौसाबाई वाचल्या. खांद्याला खूप टाके पडले.

हे मला कळलं ते होळीनंतर, दोघं दुकानात आले तेव्हा. तोवर मला काही पत्ता नव्हता. बिबट्याच्या बातम्या आमच्याकडे इतक्या येतात की गावाचं नाव वाचून लोक पान उलटतात. आबांनी मोडका दस्ता आणि नळ्या पोत्यात गुंडाळून आणल्या होत्या. पोतं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि लगेच हात मागे घेतला.

"जमा करून टाका ही," ते म्हणाले. "कागद काय असत्याल ते करा."

"दस्ता बसवून देतो की, आबा."

"दस्त्याचं न्हाई. माझं हाय." ते खाली बघत होते. "घोडं चढवलंच न्हाई मी. भ्यालो. तिला वढत नेताना बघितलं आन् हात गार पडला. निस्ता चाप वढला."

"तुम्हाला आठवतंय तसं?"

"काय बी आठवत न्हाई. तोडकरी बघत व्हते बांधावरनं. म्हातारा घोडं चढवाय इसरला म्हनले. मंग सगळेच म्हनाय लागले. खरंच असंल."

बिबट्याला दस्त्यानं बडवणारा माणूस भित्रा, आणि बांधावर उभे राहून बघणारे जाणकार. गावाच्या न्यायाला तोड नाही. पण आबांना तो न्याय पटला होता, हे वाईट. ते पारावर बसायचे बंद झाले होते. जावयानं चेष्टा केली म्हणून लेकीकडे जाणं सोडलं होतं. हौसाबाई हे सांगत होत्या, आणि सांगताना माझ्याकडे नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला ठेवावी तसा.

मी विचारलं, "आबा, ती काडतुसं आहेत?"

त्यांनी बंडीच्या खिशातून दोन काढली. "हीच ती. टाकली न्हाईत."

मी काडतुसं घेतली, खिडकीपाशी गेलो, घड्याळजी लावतात तसलं डोळ्याचं भिंग लावलं. दोन्ही टोप्यांवर, बरोबर मधोमध, एक-एक खूण होती. टाचणी नुसती टेकवावी एवढी बारीक. घोडा चढवल्याशिवाय आणि तो पूर्ण ताकदीनं पडल्याशिवाय घासलेली पिन तिथवर पोचत नाही. चाप नुसता ओढून ती खूण होत नाही.

मला गप्प बसता आलं असतं. दोन मिनिटं मी खिडकीत उभा होतो, आणि त्या दोन मिनिटांत मी तोच विचार केला, हे लिहून ठेवतो. गप्प बसलो असतो तर माझं नाव राहिलं असतं, हौसाबाईंची गोष्ट झाकली असती, आणि हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला भित्रा समजून जगला असता. हौसाबाईंनी कॅलेंडरवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, खुणावलं नाही. नुसतं बघितलं.

"आबा, इकडे या," मी म्हटलं. भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं. काडतूस उजेडात धरलं. "मधे बघा. काय दिसतंय?"

बराच वेळ त्यांना काही दिसेना. मग ते काडतुसाशी आणखी वाकले. "ठिपका हाय."

"घोडा पडल्याचा आहे. दुसऱ्यावरही आहे. तुम्ही दोन्ही घोडे चढवले होते."

"मंग वाजली का न्हाई?"

"पिना तोकड्या होत्या. मी कानशीनं घासल्या होत्या. तुम्हाला न सांगता."

आबांनी भिंग काढलं नाही. एक डोळा भिंगात आणि एक मिटलेला, तसेच माझ्याकडे वळले. "म्हंजी घोडं चढवलं व्हतं मी."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या मला हव्या होत्या, खरं तर. आबांनी पुन्हा काडतुसाकडे बघितलं, पहिल्या, मग दुसऱ्या. मग विचारलं, "घासल्या कशापाई?"

"डावी नळी फुटेल असं वाटलं म्हणून."

"फुटली आसती का?"

नळीकडे बघून भविष्य सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न सोपा असायला हवा. मी म्हटलं, "माहीत नाही. मी तपासलंच नव्हतं."

"मी सांगितलं व्हतं त्यांला," हौसाबाई म्हणाल्या. "डोळं तपासाय गेले न्हवते मी. हितं आले व्हते."

आबा त्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलतील. ते जवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावरून घसरलेला पदर, ज्या हातानं त्यांना तो नीट करता येत नव्हता त्या बाजूचा, त्यांनी वर ओढून ठेवला. मग मला म्हणाले, "ह्यो काचेचा डोळा दोन दिस द्या."

"कशाला?"

"पारावर न्यायचाय."

भिंग आणि दोन्ही काडतुसं खिशात घालून ते पायरी उतरले. बंदूक टेबलावरच राहिली, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. हौसाबाई मागे राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं तुमचा हात..."

"माझा हात खांद्याच्या वर जात न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं दोन्ही जात्यात." आणि त्या आबांच्या मागे गेल्या.

हे लिहिण्याआधी मी वस्तीवर जाऊन विचारून आलो, लिहू का म्हणून. हौसाबाई म्हणाल्या, "लिवा की. त्यांला वाचाय येत न्हाई आन् मला बी न्हाई." आबा म्हणाले, घोडं चढवलं होतं ते तेवढं ठळक अक्षरात टाका. संपादकांना मी तसं कळवलं आहे. छापखान्याची खात्री नाही, म्हणून इथे पुन्हा लिहितो: आबांनी दोन्ही घोडे चढवले होते.

बंदूक जमा करायचं आबांनी पुन्हा काढलं नाही, म्हणून दस्ता मी नवा बसवला, शिसवीचा. पिना नव्या केल्या नाहीत. आता आबांना ते माहीत आहे, आणि त्यांनी करा असं म्हटलेलं नाही. भिंग अजून परत आलेलं नाही. त्यांनी ते राहूच्या पारावर नेलं, तिथून आठवडी बाजारात, तिथून लेकीकडे जावयाला दाखवायला. जो भेटेल त्याच्या डोळ्याला लावून ठिपका दाखवायचा आणि मग सांगायचं, की घोडनदीच्या मिस्त्रीनं पिना घासून बंदूक नासवली. कुणाच्या सांगण्यावरून, हे मात्र ते कधीच कुणाला सांगत नाहीत. भीमेच्या पलीकडचं माझं गिऱ्हाईक बंद झालं. इतकी वर्षं बंदुका नीट केल्या तेव्हा तालुक्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं, एक बिघडवली आणि दोन तालुक्यांत नाव झालं.

परवा दुकानात एक अनोळखी माणूस डोकावला. बंदूक नव्हती त्याच्याकडे. घोडनदीला बाजाराला आला होता, वाट वाकडी करून बघायला आला म्हणे. पायरीवरूनच मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, "आमच्या म्हाळूआबांनी दोन्ही घोडं चढवलं व्हतं. म्या सोता बघितलाय ठिपका. तुम्हीच का ते, पिना घासून ठिवनारं?"

मी म्हटलं, हो, मीच.